मोठ्या अक्षरांची कळ

मी एक जुनी कळ आहे, मित्रांनो. पोटात उठते ती नव्हे हो, टाइपरायटरची! डाव्या कोपऱ्यातली, शिफ्टची. मला दाबून धरलं की इंग्रजी अक्षर मोठं उमटतं. स्वतःचं असं एकही अक्षर माझ्याजवळ नाही, पण तोरा केवढा!

१९८४ साली मी कोरपन्याजवळच्या एका गिट्टी खदानीच्या ऑफिसात होते. टायपिस्ट इंदुताई कच्च्या नोकरीवर होत्या. माझ्यावरचा रंग त्यांच्याच करंगळीनं गेला.

त्या वर्षी दगड फोडायचं मशीन आलं, आमच्या खिडकीसमोरच बसवलं. बटणं दोन, दोन्ही काळी. एकावर स्टार्ट, दुसऱ्यावर स्टॉप, सगळी अक्षरं मोठी. मशीनच्या जबड्यात दगड अडकला की ते चालवणाऱ्या मुखरूभाऊंनी ते बंद करायचं आणि त्यांच्या जोडीच्या मजुरानं, लटारूभाऊंनी, हात घालून दगड काढायचा. शेजारी लावायला सूचनांचा तक्ता हवा होता: वर बटणाचं इंग्रजी नाव, खाली हातानं लिहिलेली मराठी माहिती.

"शीर्षकात पहिलंच अक्षर मोठं, बाकी लहान. नीटस दिसतं," साहेब म्हणाले.

इंदुताईंनी तसंच केलं. एकेका नावाला मला एकदाच दाबलं. खरं सांगते, मी रुसले.

वीज जोडायच्या आधी त्यांनी तक्ता मुखरूभाऊंच्या हाती दिला. "भाऊ, बंद करायचं बटण दाबून दाखवा बरं."

मुखरूभाऊंचं बोट घुटमळलं आणि स्टार्टवर टेकलं.

"अहो भाऊ, हे काऊन दाबलं?"

"दोन्ही एसनंच सुरू होते ना बाई. पुढच्या कीडमुंग्या मले येत नाई. पाचवीत मोठी एबीसीडी झाली अन् शाळा सुटली."

इंदुताईंनी तक्ता परत घेतला. तडक साहेबांपुढे गेल्या. नोकरी कच्ची, तरी आवाज चढलाच. "साहेब, बटणावर जसं हाय तसंच तक्त्यावर पायजे! लटारूभाऊचा हात जाईन!"

साहेबांनी खिडकीतून मशीनकडे पाहिलं. "बटणांची नावं सगळी मोठी करा. बाकीच्या कागदांवरची शीर्षकं आहेत तशी राहू द्या," ते म्हणाले.

इंदुताईंनी मला दाबून धरलं, करंगळी पांढरी पडेस्तोवर.

आता मी अडगळीत गंजले आहे. चालायचंच. पण मित्रांनो, शीर्षकातलं अक्षर मोठं की लहान, हे कागदाची शोभा बघून ठरवू नका. तो कागद वाचणार कोण, त्याला आधी विचारा. तेव्हाचंच सांगते: मशीन सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी दगड अडकला. मुखरूभाऊंनी तक्त्यावरचं एकेक अक्षर बटणाशी ताडून पाहिलं, बटण दाबलं, घरघर थांबली. "घाल," ते म्हणाले. आणि लटारूभाऊंनी आत हात घातला, पार खांद्यापर्यंत.