गाडीतला जीव

चिंचेजवळ गाडी बंद पडली आणि मठापाशी जमलेल्या लोकांनी हात जोडले. सास्तूरहून उमरग्याला निघालं, की ही जुनी पेट्रोल गाडी नेमकी इथंच मान टाकायची. धुनीबाबाचा मठही इथंच. बाबा ओलं भगवं फडकं इंजिनावर अंथरायचा, वीस मिनिटं मंत्र म्हणायचा, आणि गाडी चालू!

गाडी माझ्या दाजींची, शरणबसप्पांची. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना गाडी इथंच बंद पडली आणि ते गाडीतच गेले.

"शरणबसप्पाचा जीव अडकलाय हिच्यात!" बाबा गरजला. "ह्यो इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघा! स्टार्टर मारला की इंजिन फिरतंय, काटा हलत न्हाय. मेलेल्यानं धरलाय त्यो. गाडी मठाला द्या, जीव सुटंल."

गंगम्माअक्का, माझी थोरली बहीण, चावी द्यायला निघाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मलाही राग यायला हवा होता, पण आला नाही. चार महिने आम्ही नुसते जेवतो आणि झोपतो.

मी आयटीआयमध्ये मोटारदुरुस्ती शिकवतो. "अक्का, धा मिनिटं थांब," म्हणालो. इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या दोन तारांना वीज मोजायचं मीटर लावलं आणि भाच्याला सांगितलं, "महांतेश, स्टार्टर मार."

मीटर शून्यावर.

"इंजिन किती फिरतंय, ते या तारांतून कळतं. त्यावरच काटा हलतो, ठिणगीबी त्यावरच पडते. आत तार तुटलीय. सास्तूरहून इथवर येईस्तोवर इंजिन तापतं आणि ती फाकते, गार झाली की चिकटते."

"मंग मंत्रानं कशी चालू व्हती?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मंत्रानं न्हाय आजोबा, ओल्या फडक्यानं."

मी साध्या पाण्यात रुमाल भिजवून तिथं धरला. बाबाला मात्र गप्प बसवलं, नाहीतर श्रेय घेऊन मोकळा झाला असता. दहा मिनिटांनी महांतेशनं स्टार्टर मारला. मीटरवर आकडा आला, काटा उठला, गाडी चालू झाली. लोक हसायला लागले तसा बाबा मठात शिरला.

अक्का हसली नाही. "म्हंजी त्या दिवशीबी तारच व्हती?"

"व्हय."

"दोन जिपा गेल्या समोरून, रुद्रेश. ह्यांना त्यात घालू म्हनला महांतेश. म्याच नको म्हनलं. बाबा चालू करत्यात म्हनलं."

खोटं बोलून तिला सावरावं असं वाटलं. तेही जमलं नाही.

म्हणून हे लिहितो. गाडी अडली तर मिस्त्रीला बोलवा. माणूस अडला तर येईल ती गाडी थांबवा आणि आधी त्याला आत घाला. मंत्र दवाखान्याच्या दारातही म्हणता येतो.