देवीचं रगत

संस्कृतीचे गाल कुंकू फासल्यासारखे लाल झाले होते, पण ओठांभोवतीची बोटभर कातडी पांढरीफटक राहिली होती. अंगभर बारीक पुरळ, हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. तोंडाभोवती मात्र हे कोरं कडं. सहा वर्षांची पोर तापानं फणफणलेली, आणि तिला मांडीवर घेऊन रतनबाई त्या कड्याकडेच बघत होती. गेल्या साली रविराजच्या, तिच्या थोरल्याच्या, तोंडाभोवती असंच कडं होतं. रविराज आता नव्हता.

दाराला निंबाचा डहाळा लागला होता. डहाळा लागला म्हणजे घरात देवी आली. फोडणी बंद, औषध बंद, आणि सुईचं तर नावच नको. अंगात देवी असताना टोचलेली सुई देवीलाच टोचते, हे शेवगावजवळच्या त्या गावात शेंबडं पोरही सांगायचं.

अंगणात गाव लोटलं होतं. शाळेत पल्स पोलिओचं केंद्र मांडलेलं, पण तिथं डॉक्टरीणबाई माशा मारत बसल्या होत्या. लेकरं कडेवर मारून बाया इकडं आल्या होत्या, कारण सूर्यभान भगत आज देवीचं रगत काढणार होता.

कपाळभर हळद फासून भगत मधोमध उभा होता. "आई हट्टाला पेटलीया!" तो गरजला. "ग्वाड बोलून न्हाई उठायची. रगत दील, डाग घील, मंग पोर कात टाकील! हाय का कुनाला शंका? आसंल तर आईला त्याच्या घरी धाडतो!"

"न्हाई, न्हाई!" लोक एका सुरात म्हणाले.

"हेच्या देवीला समद्यांचं पत्तं ठावं हाईत," मागून टेम्पोवाला बन्सी पुटपुटला. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

भगतानं पोरीला मांडीवरून ओढलं. सकाळीच सासूच्या हुकमावरून रतनबाईनं तिला अंगभर हळद लावली होती. ओल्या निंबाच्या फोकानं भगतानं तिच्या पाठीवर सपासप फटके ओढले. "बोल, जातीस का न्हाई?" पोरीचा घसा सुजलेला, तिला धड किंचाळताही येईना, नुसता चिरका घरघराट निघाला. मग त्यानं पांढरं फडकं तांब्यातल्या पाण्यात बुडवून तिच्या पाठीवर खसाखसा घासलं. पिवळी पाठ बघता बघता लाल झाली. फडक्यातून लाल ओघळ गळू लागले.

"रगत! देवीचं रगत!" बाया जमिनीवर आडव्या झाल्या.

अंगणातल्या चुलीत विळा तापून लाल झाला होता. भगतानं तो उचलला. "आता गळ्याच्या गाठीला डाग!"

रतनबाई उठली. नवऱ्यानं, कारभारीनं, तिचं मनगट पकडलं. "बस खाली."

"रविराजलाबी असाच डाग दिल्ता."

"आन् त्यानं कात टाकली का न्हाई?"

"टाकली. आन् मेला."

कारभारीची थप्पड अशी बसली की तिचा ओठ फुटला. ती थांबली नाही. हात हिसडून ती भगतावर धावली आणि विळा धरलेल्या हाताचा तिनं कडकडून चावा घेतला. विळा तिच्या दंडाला चाटून खाली पडला. कातडी चरचरली, जळका वास सुटला. तांब्या कलंडला आणि निम्मं पाणी तिच्या हळदीच्या हातांवर सांडलं. हात कोपरापर्यंत लाल झाले.

"बगा! देवी लेकीतून आईत शिरली!" भगत ओरडला. "धरा तिला!"

चौघांनी तिला पालथी पाडली. एकानं पाठीत गुडघा रोवला. तोंडात माती गेली.

"सोडा तिला!"

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर यशोधराबाई आरडाओरडा ऐकून औषधांची पेटी घेऊन शाळेतून धावत आल्या होत्या. सासू राहीबाई आडवी आली. "डहाळा दिसत न्हाई व्हय? सुईवालीनं यायचं न्हाई इथं!" कुणीतरी ढकललं, बाई तांब्यापाशी पडल्या. उठल्या, रतनबाईचे लाल हात बघितले, आणि त्यांनी आधी तांब्या उचलला. उरलेल्या पाण्याचा थेंब दोन बोटांत चोळला.

"बुळबुळीत लागतंय. काय आहे हे, भगत?"

"गंगाजल!"

"मग तुम्हीही घ्या थोडं."

उरलेलं पाणी त्यांनी त्याच्या कपाळावर फेकलं. कपाळाची हळद लाल झाली. लाल ओघळ नाकावरून मिशीत उतरला.

"आयला," बन्सी म्हणाला, "भगताच्याबी अंगात आली की!"

"चुन्याची निवळी आहे ही," बाई म्हणाल्या. "पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून वरचं पाणी घेतलेलं. हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं गं बायांनो?"

"लाल हुतो," दोघी-तिघी बोलून गेल्या आणि एकमेकींकडे बघतच राहिल्या.

एक दगड सुटला. भगताची भुवई फुटली आणि खोट्या रगतावर खरं वाहू लागलं. मघाशी रतनबाईला दाबणारे हात आता त्याच्यावर उठले. बाई मध्ये उभ्या राहिल्या. "त्याला पोलीस बघतील! आधी पोरीला बघू द्या!"

"रगत खोटं आसंल," राहीबाई हटेना. "पन गेल्या साली रविराजचं पुरळ गेलं, त्यानं कात टाकली, त्ये कसं खोटं?"

बाईंनी चमच्यानं पोरीची जीभ दाबून बॅटरी मारली. घसा लालभडक, त्यावर पांढरा पू. जिभेवर लाल फोडांसारखे दाणे. "ही देवी नाही, आजी. हा लाल ताप, स्कार्लेट फीवर. जंतू घशात बसतो, त्याच्या विषानं पुरळ उठतं. आठवड्याभरात पुरळ आपोआप जातं, मग कातडीचे पापुद्रे सुटतात. भगत असो वा नसो. जे आपोआप होणार ते आधी सांगायचं आणि झालं की आपल्या नावावर घ्यायचं, एवढीच याची विद्या. पण जंतू मरत नाही. पुढं कधी त्याची झळ काळजाला लागते. त्या पोराचे सांधे सुजले होते का?"

"गुडगं सुजलं हुतं," मातीत बसलेली रतनबाई म्हणाली. "मंग छाती भात्यावानी उडायची."

राहीबाई मटकन खाली बसली.

"पेनिसिलिन या जंतूला मारतं. आधी कातडीत थेंबभर टोचून बघीन. सोसलं तर पुरी सुई. देवाला हात जोडा, माझी ना नाही. पण डोळ्यांना दिसलं ते तपासून घ्या, आणि पोर तापली तर दाराला डहाळा लावण्याआधी औषध विचारा." त्यांनी पेटी उघडली. "मात्र घरच्यांनी हो म्हणायला हवं."

सगळ्यांनी कारभारीकडे पाहिलं. कारभारीनं आईकडे पाहिलं. राहीबाई डहाळ्याकडे बघत राहिली.

गेल्या सालीही असंच झालं होतं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले होते, आणि रतनबाईच्या घशाशी आलेला शब्द तिनं गिळला होता. ती उठली, पोरीला उचलून तिनं छातीशी धरलं. फुटक्या ओठातून रक्त येत होतं, पण आवाज वेशीपर्यंत जाईल असा निघाला:

"कुनाला इचारू नका. आई मी हाय, मी सांगते. टोचा, बाई. ही देवी न्हाई, माजी पोर हाय!"