काळ्या रिमेवरचा मागचा उजवा

मित्रांनो, माणसाला जनावरापासून वेगळं करणाऱ्या गोष्टी तीनच. अग्नी, लिपी आणि चाक. पैकी अग्नी विझतो, लिपी पुसली जाते, चाक मात्र युगानुयुगं पुढेच जात राहतं. मी त्या थोर घराण्यातला. मी एक जुना टायर आहे आणि सध्या माझ्या पोटात रुबार्ब लावलेला आहे.

रुबार्ब म्हणजे लाल, आंबट दांड्यांची भाजी. तुमच्या अंबाडीची थंडीत वाढलेली मावसबहीण म्हणा. उत्तर आइसलँडमधल्या आमच्या खोऱ्यात तिचा मुरंबा घरोघरी होतो. काळ्या टायरात माती लवकर तापते, म्हणून तिला टायर मानवतो. टायरला ती मानवते का, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका गरम देशात, त्याहून गरम साच्यात झाला. तिथे आम्हांला इतकं शेकलं, की उरलेला जन्म बर्फात काढायचा आहे असं कोणी सांगितलं असतं तर मी नाचत निघालो असतो. पुढे जहाजातून मी आणि माझे तीन भाऊ हाकोनच्या शेडमध्ये येऊन भिंतीला टेकलो. हाकोनचा धंदा चाकं बदलण्याचा. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली चाकं आमच्या खोऱ्यात कोणी मनावर घेत नाही. ती तान्ह्या मुलाच्या टोपड्यासारखी असतात. घरी आणल्यावर काढून ठेवायची.

त्या वर्षी खोऱ्याची सुईण बेर्गथोरा हिने एक जुनी जीप घेतली. तिला सगळे बेग्गा म्हणत. जीपला चाकं कोणती घालायची, हे ठरण्यात अख्खा शरद ऋतू गेला. कारण असली गोष्ट आमच्याकडे दुकानात ठरत नाही. ती गावच्या तरणतलावाशेजारच्या गरम कुंडात ठरते, जिथे म्हातारेकोतारे, मास्तर, पाद्रीबाई, सगळे मान तेवढी वाफेच्या वर ठेवून बसलेले असतात. मी तिथे नव्हतो. टायरला गरम पाण्यात कोणी नेत नाही. पण हाकोन रोज ओल्या केसांनी शेडमध्ये येई आणि कॉफी ओतता ओतता सगळं सांगे. कोणी म्हणे पस्तीस इंच पुरे. कोणी म्हणे अडतीसच्या खाली उतरायचं असेल तर माणसाने सरळ राजधानीत राहायला जावं. पाद्रीबाईंचं मत चाळीसला पडलं, पण त्यांना गाडी चालवता येत नसे.

शेवटी बेग्गा स्वतःच आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ एविंदुर. हा मासेमारी जहाजावर इंजिन सांभाळी आणि किनाऱ्यावर आला की स्वतःच्या जीपभोवती फिरे. त्या जीपची चाकं चव्वेचाळीस इंची, रिमा ॲल्युमिनियमच्या, आरशासारख्या घासलेल्या. त्यांत बघून तो दाढी करतो असं लोक म्हणत. तो नाकारत नसे.

"बेग्गा, चव्वेचाळीस घे," एविंदुर म्हणाला. "माझ्यासारखे. डोंगरावरून दिसतात."

"बाळंतीण डोंगरावर बसून माझी चाकं बघत नसते."

"अगं, रुबाब म्हणून काही असतं की नाही?"

"तुझ्या गाडीत चढायला शिडी लागते. हातात पिशवी घेऊन शिडी चढू मी?"

असं म्हणत ती आमच्या रांगेपाशी आली. इतर गिऱ्हाइकं टायरला लाथ मारून बघतात. टायरला लाथ मारल्याने काय कळतं, हे टायरलाही ठाऊक नाही. बेग्गाने लाथ मारली नाही. ती गुडघ्यावर बसली, माझ्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे पोटावरच म्हणा ना, हात ठेवला आणि अंगठ्याने हळूहळू दाबत गेली. ती ज्या तऱ्हेने दाबत होती, ती तिची रोजची तऱ्हा होती. क्षणभर मला वाटलं, आता ही महिना विचारणार.

"हा वाकेल," ती म्हणाली.

"वाकणारा काय कामाचा?" एविंदुर म्हणाला.

"अडलेली बाई आणि भुसभुशीत बर्फ, दोन्हींपाशी ताठ मानेचं काम नाही. हाकोन, हे चार."

"अडतीस इंच," हाकोन खूश होऊन म्हणाला. "आणि रिम? ही चकचकीत आहे, ही काळी पोलादी. पोलादी घेतलीस तर मधून कापून, पट्टी जोडून रुंद करून देतो. काहीही घेतलंस तरी टायर रिमेला चिकटवून घे. हवा कमी केली की निसटतो."

"मी नाही चिकटवले," एविंदुर म्हणाला. "गोंदाचे डाग पडतात."

"तुझी चाकं, तुझा आरसा."

"बेग्गा, काळी नको गं. अंत्ययात्रेला निघाल्यासारखी दिसेल गाडी."

"मी बरोबर उलट्या कामाला निघते," बेग्गा म्हणाली. "काळी दे."

अशा रीतीने माझं काळ्या रिमेशी लग्न लागलं, तेही गोंदाने. इतकी पक्की लग्नं माणसांत होत असती तर कुंडातल्या गप्पा निम्म्या झाल्या असत्या. मला जागा मिळाली मागची उजवी. त्याच बाजूला बेग्गाची पिशवी आणि प्राणवायूचं नळकांडं असे, म्हणून मी स्वतःला जरा महत्त्वाचा समजत असे.

पहिल्या हिवाळ्यात खोऱ्याच्या डोक्यावरच्या बर्फाळ पठाराच्या तोंडाशी बेग्गाने गाडी थांबवली, खाली उतरली आणि माझ्या तोंडातली झडप उघडली. फुस्स. मित्रांनो, ज्याची छाती हवेनेच भरलेली असते, त्याची हवा भर रस्त्यात काढणं म्हणजे काय, हे मी कसं सांगू? माझं पोट सुटून बर्फावर पसरलं. चारचौघांत धोतर सुटल्यासारखं झालं. मी लाजेने काळा पडलो असतो, पण तो आधीच होतो. मग गाडी हलली आणि मी पाहिलं, की ताठ असताना जिथे मी गुडघाभर रुतलो असतो, तिथे आता बदकासारखा वरच्या वर तरंगत होतो. त्या दिवसापासून झडपेची शिटी ऐकली की मला कामावर निघाल्यासारखं वाटे. पठाराच्या दोन्ही बाजूंची कितीतरी बाळं त्या शिटीनंतर जगात आली. रस्त्यात लोक हात करत, "बेग्गा आली." कोणी "टायर आला" म्हटलं नाही, पण मी ते त्यात धरत असे.

बाकी जगात लोक आपल्याकडे किती जास्त आहे याची बढाई मारतात. आमच्याकडे चाकात किती कमी हवा ठेवली याची मारतात. एक म्हणे मी तीन पौंड दाबावर पठार ओलांडलं. दुसरा म्हणे मी दोन. एविंदुर म्हणे दीड. हाकोन एकदा म्हणाला, "पुढच्या वर्षी तू हवा घरीच ठेवून जा."

मग तो फेब्रुवारी आला. पठारापलीकडे मेंढ्यांच्या एका वाडीवर सोलरून नावाची पोर राहत होती. तिचे दिवस भरायला तीन आठवडे होते, पण सकाळीच कळा सुरू झाल्या. मूल पायाळू आहे, हे बेग्गाने आधीच पाहून ठेवलं होतं. अशा बाळंतपणात नुसता फोन पुरत नाही. किनाऱ्याचा रस्ता हिमलोटाखाली गेलेला, आणि ढग इतके खाली, की हेलिकॉप्टरवाल्यांनी आधीच हात टेकले. उरलं पठार. पठारावर एकटी गाडी जात नाही, हा आमच्याकडचा लहान मुलांनाही पाठ असलेला नियम. म्हणून पुढे एविंदुर, मागे आम्ही.

पठारावर एका अंगाला कललेली तिरपी धार लागली, तसा वायरलेसवर एविंदुरचा आवाज आला. "बेग्गा, मी दीड पौंडावर आहे."

"कोणी विचारलं नव्हतं."

बोलणं संपतं न संपतं तोच त्याचा पुढचा टायर घासलेल्या रिमेवरून साबणाच्या वडीसारखा निसटला आणि ते चाक आसापर्यंत बर्फात गेलं. एविंदुर डबा आणि काडेपेटी घेऊन उतरला. टायर आणि रिमेच्या फटीत पेटणारा वायू फवारायचा आणि काडी लावायची. धडाम होतं आणि टायर जागेवर बसतो. तुम्हांला हा वेडेपणा वाटेल, आमच्याकडे हा घरगुती उपाय आहे. तुम्ही मात्र घरी करू नका. वाऱ्याने काड्या विझत होत्या, म्हणून तो जरा जास्त वाकला. धडाम झालं. टायर बसला. भुवया गेल्या.

हवा भरून गाडी दोन हात पुढे गेली आणि टायर पुन्हा निसटला.

"परत लावतो," एविंदुर म्हणाला.

"भुवया संपल्या तुझ्या. फावडं घे आणि माझ्या गाडीत बस."

"आणि माझी गाडी?"

"चमकते आहे. सापडेल."

"बेग्गा, एकटी गाडी पठारावर? तूच सगळ्यांना बजावतेस ना?"

"बजावते. तिथे सोलरूनला काय सांगू, नियम आहे म्हणून?"

तिने बचाव पथकाला वायरलेसवरून मार्ग कळवला आणि खाली उतरली. आम्हां चौघांची हवा आणखी काढली. मापयंत्राकडे पाहिलं नाही. अंगठ्याने दाबत गेली, मला सुरकुत्या पडेपर्यंत. मित्रांनो, मी घाबरलो. पुढच्या गाडीतल्या भपकेबाज भाऊबंदाचं काय झालं, ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी निसटलो, तर पायाळू बाळ आणि त्याची आई, दोघांचं काय होईल, ते पिशवी वाहणाऱ्याला चांगलं कळतं. त्या तिरप्या धारेवर मी रिमेला जसं धरलं होतं, तसं मी आयुष्यात कशालाच धरलेलं नाही. गोंद होता हे खरं. पण थोडं श्रेय मलाही घेऊ द्या.

पठार ओलांडलं. वाडीचं छप्पर दिसू लागलं आणि बर्फाखालच्या काळ्या दगडाने माझं पोट फाडलं.

"कोण गेला?" बेग्गाने विचारलं.

"मागचा उजवा," एविंदुर उतरून म्हणाला. "भोक नाही, चीर आहे."

"बुजव जमेल तशी. चालायचं, थांबायचं, हवा भरायची. तू खालीच राहा, शेजारून चालत ये."

अडतीस इंची जादा चाक पठारावर कोणी लादून नेत नाही. एविंदुरने चिरेत रबरी दोऱ्या कोंबल्या, वरून स्वतःचा हातमोजा कोंबला. मग उतारभर तो माझ्या शेजारून चालत आला. गाडी थांबली की हवेची नळी माझ्या तोंडाला लावी आणि ओरडे, "दे, आणखी दे, जेवढी आहे तेवढी दे." दीड पौंडांची फुशारकी मारणारा माणूस मी हवेसाठी असा गयावया करताना पाहिला, आणि खरं सांगतो, मला तो तेव्हा पहिल्यांदा आवडला.

आमच्याकडे बूट काढल्याशिवाय राष्ट्राध्यक्षसुद्धा घरात पाऊल टाकत नाही. बेग्गा बुटांसकट आत गेली. सोलरूनची सासू अजून ते सांगते, अर्थात कौतुकाने. मी अंगणात रिमेवर बसलो होतो. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बराच वेळ. मग एक बारीक, चिडलेलं रडणं आलं, आणि पाठोपाठ सोलरूनचं हसणं.

एविंदुर कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला आणि बर्फात माझ्याशी टेकून बसला. भुवया नसलेल्या माणसाला रडताना पाहणं कठीण असतं. कुठे बघावं कळत नाही. मग त्याने रिमेवरचा बर्फ पुसला आणि म्हणाला, "काळी वाईट नाही दिसत."

पोटातली चीर कधी भरवशाची होत नाही. हाकोनने पाहून मान हलवली. बेग्गाने मला भंगारात दिलं नाही. घरामागे आणून आडवं ठेवलं आणि आत माती भरली. एविंदुरने आपल्या चाकांना गोंद लावून घेतला. डाग पडले आहेत.

आता सोलरूनची ती मुलगी, अर्न्दीस, उन्हाळ्यात बेग्गाकडे येते. माझ्या काठावर बसते, रुबार्बची दांडी मोडते, साखरेत बुडवून कचाकचा खाते आणि टाचांनी माझ्या पोटावर ताल धरते, बरोबर चिरेपाशी. पायाळूच ती. तिला काही ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही.

तेव्हा मित्रांनो, चाकं निवडाल तेव्हा चमक मागाहून बघा. आधी पोटावर हात ठेवून बघा, कुठे जायचं आहे आणि तिथे कोण वाट बघतंय ते आठवा. घेतल्यावर त्यांची विचारपूस करत जा. हवा कधी भरायची आणि कधी सोडायची हे ज्याला कळलं, तो पोचला. थोर घराण्यातल्या एका म्हाताऱ्याचं इतकंच सांगणं.

आणि अर्न्दीस कोणाला भेटली, तर तिला म्हणावं, जाताना साखरेची वाटी उचलून ने. मेंढ्या येतात, आणि मग मलाही चाटतात.