शिवण उसवली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. ढाल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि घोडे उभे राहतील. ते जरा बाजूला ठेवा. मी पाठीवर बांधायची ढाल. उभ्या डोंगरावरून दगडधोंड्यांतून सायकली खाली पळवायच्या शर्यती असतात ना, त्यांत स्वाराच्या पाठीचा कणा सांभाळणे हे माझे काम. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, म्हणून तिची काळजी त्याला फार उशिरा सुचते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या नऊ कडक पट्ट्या, आतून जाड स्पंज, दोन खांदेपट्टे आणि एक रुंद कमरपट्टा, एवढा माझा संसार. शेवटच्या टेबलावर बसणारी बाई प्रत्येक ढालीवर लाकडी हातोडीने एक ठोका मारायची, आवाज ऐकायची आणि ढाल पुढे ढकलायची. माझ्यावर तिने दोन ठोके मारले. मला वाटले, झाले, मी नापास! पण ती शेजारणीला म्हणाली, "हिचा आवाज किती छान आहे गं." ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. पुढे बराच काळ मी त्याच्यावरच दिवस काढले.

कारण नंतर दोन वर्षे मी एका दुकानात दाराआडच्या खुंटीवर लटकत होते. समोरच्या कपाटात रंगीत हेल्मेटे झळकत. हेल्मेट फोटोत दिसते. ढाल सदऱ्याच्या आत असते, तिला कोण विचारतो? धूळ मात्र भरपूर मिळाली.

शेवटी एक दिवस एक बाई सतरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. सायकलींच्या सीट आणि प्रवासी बॅगा शिवून देण्याचा तिचा धंदा. ती रंगाला भुलणारी नव्हती. तिने दुकानातली एकूण एक ढाल उलटीपालटी करून शिवणी पाहिल्या आणि बोटाच्या पेराने प्रत्येकीवर टकटक केली. माझ्यावर टकटक केल्यावर ती थांबली. "हीच दे," ती दुकानदाराला म्हणाली. लेकीने तोंड वाकडे केले, पण आईपुढे तिचे काही चालले नाही.

ते पहिले वर्ष माझे सुखाचे होते. शर्यतीच्या सकाळी आई स्वतः माझे पट्टे आवळायची, लेकीच्या पाठीवर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "जा आता." बस, एवढेच. त्या वर्षात पोरगी दोनदा सपशेल आपटली. एकदा तर एका टोकदार दगडावर पाठ टेकली आणि माझ्या चौथ्या पट्टीवर खोल ओरखडा उठला. पोरगी उठली, कपडे झटकले आणि पुन्हा सायकलवर बसली. त्या संध्याकाळी आईने मला पुसता पुसता पोटाशी धरले. मी निर्जीव वस्तू खरी, पण मला ते कळले.

त्याच आपटण्यात माझा कमरपट्टा फाटला होता. आईच्या मशीनवरचे काळे रीळ संपले होते, म्हणून तिने लाल धाग्याने तिहेरी शिवण घातली. दात लावून धागा तोडत ती म्हणाली, "ही शिवण उसवली ना, तर मी मशीनच विकून टाकीन!" पोरगी हसली. आईही हसली. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ते विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी पोरगी डोंगरावरच्या एका क्लबात गेली. तिथला सगळ्यांत वेगवान स्वार होता वावटळ. त्याचे खरे नाव त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असेल. पहिल्याच दिवशी त्याने मला पाहिले आणि म्हणाला, "अरे वा, पडायच्या आधीच मलमपट्टी! कासवबाई, डोंगर उतरायचाय की समुद्रात जायचंय?" सगळे खो खो हसले. कासव हे नाव पोरीला चिकटले ते चिकटलेच. क्लबात कुणीच ढाल वापरत नसे. उकडते म्हणे, अंग वळत नाही म्हणे, दोन सेकंद जातात म्हणे. खरे कारण वेगळे होते. ढाल घालणे म्हणजे आपण पडू शकतो हे चारचौघांत कबूल करणे, आणि ते त्यांना जिवावर यायचे.

एका शर्यतीत पोरीचा पहिला नंबर अर्ध्या सेकंदाने हुकला. तिने खापर फोडले माझ्यावर. त्यानंतर घरी आई पट्टे आवळायची, टकटक करायची, "जा आता" म्हणायची, आणि डोंगरावर पोहोचताच पोरगी मला काढून तंबूत टाकायची. दर वेळी माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

तशातच शर्यतीच्या मंडळाने नियम काढला की ढाल नसेल तर शर्यत नाही. तुम्ही म्हणाल, आता तरी ढालबाईंचे दिवस फिरले. फिरले खरे, पण कसे ते ऐका. तपासणीला बसायचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना सगळे काका म्हणत. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड आणि ढाल या चार वस्तू त्यांच्या टेबलावर ठेवायच्या, काकांनी वहीत खूण करायची आणि सायकलीच्या नंबराच्या पाटीवर हिरवे स्टिकर लावायचे. वस्तू दाखवायच्या होत्या. अंगावर आहेत का, हे वर सुरुवातीच्या फाटकाशी कुणी बघत नव्हते. क्लबात स्वार सहा आणि ढाल एकटी मी. मग काय, एकाची तपासणी झाली की तंबूच्या मागच्या कापडाखालून मी दुसऱ्याच्या हातात. एका सकाळी मी सहा वेळा पास व्हायचे आणि डोंगरावर एकदाही जायचे नाही. दाखवायचे दात म्हणतात ना, ते मी झाले होते.

काकांना कळत नव्हते असे समजू नका. ज्याने तीस वर्षे मुलांच्या रेघा तपासल्या, त्याला लाल धागा दिसणार नाही? एकदा चौथ्यांदा मला हातात घेऊन ते म्हणाले, "यंदा लाल शिवणीची फॅशन दिसतेय." वावटळ म्हणाला, "हो काका, सगळे हीच घेतात." काका हसले आणि त्यांनी स्टिकर लावले. बाहेर ऐंशी जणांची रांग होती. भांडण कोण ओढवून घेणार? त्यांनी कानाडोळा केला.

आणि मग तो दिवस आला. मी तंबूत एका उपड्या बादलीवर पडले होते. डोंगरावरून दोन लांबलचक शिट्ट्या ऐकू आल्या. शर्यत थांबवल्याची ती खूण. थोड्या वेळाने वावटळ धापा टाकत आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मला उचलले, पोरीच्या जाकिटाबरोबर तिच्या पिशवीत कोंबले आणि दवाखान्यात तिच्या आईच्या हाती दिले. "मावशी, हे तिच्या अंगावरचं," तो म्हणाला. आईने पिशवी छातीशी धरली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

पोरीच्या पाठीचा मणका मोडला होता. जीव वाचला, पण पाय उचलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल, आणि किती चालेल ते आज सांगता येत नाही.

मंडळाच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिले होते, ढाल आहे. हिरवे स्टिकर सायकलीवर तसेच होते. झाले! डोंगरभर बोभाटा झाला की ढाल घालूनही पोरीचा मणका मोडला, मग ढाल हवी कशाला? जे मला घालायचे टाळत होते, त्यांना माझ्याच नावाने पुरावा मिळाला. मी ओरडून सांगणार तरी कशी? मी होते बादलीवर!

माझ्या बदनामीचे एक वेळ सोडा. घरी आई टेबलाशी बसून माझ्या पिशवीवरून सारखे बोट फिरवायची, मला बाहेर काढून बघायचा तिला धीर होत नव्हता. ग्राहक सीट घेऊन यायचे, तर ती म्हणायची, "दुसरीकडे द्या. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही." तीन आठवडे मशीनवरचे कापड निघाले नाही. मशीन विकायची आहे, अशी पाटीही तिने लिहून ठेवली. आपल्याच शिवणीने दगा दिला, असे तिने मनाशी घट्ट धरले होते.

पोरीला हे सगळे माहीत होते, कारण आई रोज तिच्यापाशी बसून तेच बोलायची. पण वावटळ येऊन तिचा हात धरून रडला होता. "खरं सांगितलंस तर क्लब बंद पडेल गं. आम्ही सगळे बुडू." पोरीने मान डोलावली होती. अळीमिळी गुपचिळी.

एका दुपारी आईने धीर करून मला पिशवीतून काढले, खिडकीशी उजेडात घेतले, सुईने लाल धाग्याचा एकेक टाका उचलून पाहिला आणि ती चपापली. टाके जसेच्या तसे होते. तिने नऊही पट्ट्या तपासल्या. चौथीवरचा तो जुना ओरखडा सोडला, तर नवे काहीच नव्हते. मातीचा कणसुद्धा नव्हता.

ती मला घेऊन तडक दवाखान्यात गेली. रागावली नाही, काही नाही. मला पोरीच्या पांघरुणावर ठेवले आणि म्हणाली, "माझी शिवण कुठे उसवली, तेवढं मला दाखव."

पोरीने लाल शिवणीवर बोट ठेवले. मग तिचा बांध फुटला. "आई, ती माझ्या अंगावर नव्हतीच."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

आई उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, "तीन आठवडे मी सुईला हात लावला नाही. आणि तू बघत होतीस?" आई त्या दिवशी तिला जेवू घालून, वेणी घालून, एक शब्द न बोलता घरी आली. मी त्या घरात अनेक मुक्या वस्तूंबरोबर राहिले आहे, पण असा मुकेपणा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाटी फाडली आणि मशीन चालू केली.

त्याच आठवड्यात पोरीने मंडळाला सगळे लिहून कळवले, सुरुवात स्वतःपासून केली. काकांनीही लाल धाग्याची गोष्ट कबूल केली आणि टेबल सोडले. क्लबावर एक वर्षाची बंदी आली. वावटळने बोलणे टाकले. माणसे खऱ्यापेक्षा खरे बोलणाऱ्यावर जास्त रागावतात, हे मी तेव्हा शिकले.

आता तपासणी वर फाटकाशी होते, सायकल सुटण्याच्या आधी शेवटच्या क्षणी. तिथे एक स्टूल असते आणि त्यावर काठी टेकून ती पोरगी बसते. तिला सायकल चालवता येत नाही. डोंगराकडे ती शक्यतो बघतही नाही. ती प्रत्येक स्वाराच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करते आणि आवाज ऐकते.

बंदी उठल्यावरच्या पहिल्या शर्यतीत वावटळची पाळी आली. तिने टकटक केली. आवाज आला नाही.

"तंबूत राहिली," तो खाली बघत म्हणाला. "सोड ना. माझी वेळ जाईल."

"वेळच जाईल ना?" ती म्हणाली. तिने मला आपल्या पाठीशी टेकायला ठेवले होते, तिथून काढले आणि त्याच्यापुढे धरले. त्याने लाल शिवण ओळखली. त्याने कधी ढाल बांधलीच नव्हती, त्याला बक्कल लागेना. तिने काठी खाली ठेवली, माझे पट्टे आवळले आणि दोनदा टकटक केली.

"जा आता."

मित्रांनो, त्या दिवशी मी पोरीच्या पाठीवर असते तर तिचा मणका वाचलाच असता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी ढाल आहे, देव नाही. पण मला माझे काम करायला तरी मिळाले असते. म्हणून हात जोडून सांगते, मला टेबलावर ठेवून पास करू नका. अंगावर घ्या. आणि तुमच्यासाठी कुणी पट्टा शिवला असेल, तर त्याला खोट्याच्या ओझ्याखाली ठेवू नका.

वावटळ त्या शर्यतीत एका वळणावर घसरला, उठला आणि शेवटून तिसरा आला. मी मातीने माखून घरी परतले. आईने मशीन थांबवली, मला पुसले आणि लाल शिवण अंगठ्याने दाबून ताणून पाहिली.

"धरून आहे," ती म्हणाली.