आवाज न करणारं खोकं

स्वीडनमधल्या बोरोस शहराच्या बाहेर, हायवेलगत आमचं गोदाम आहे. लोक घरबसल्या मागवतात ते कॅमेरे, लॅपटॉप, स्पीकर इथून निघतात. त्यातले फुटून परत येत ते तेव्हा माझ्या टेबलावर यायचे. मी परत आलेल्या मालाच्या खिडकीवर बसायचे. त्या हिवाळ्यात माझ्यामागचे रॅक इतके भरले होते की पाणी प्यायला जायचं तरी आडवं होऊन जावं लागे.

माझ्या खिडकीवर खोकी यायची, माणसं येत नसत. म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी एक म्हातारी बाई चाकांच्या गाडीवर भलंमोठं खोकं बांधून बर्फातून आत आली, तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकली असणार. उंच, काटक बाई, डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी. नाव इंगेगेर्ड व्हालिन. नवऱ्याच्या, राग्नारच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी तिनं एक रेडिओ मागवला होता. हौशी लोक घरात बसून जगाच्या टोकाशी बोलतात, तसला. भरपूर बटणांचा आणि भरपूर महाग. पहिला आला तो काच फुटून. आम्ही बदलून दिला. दुसऱ्याचा कोपरा चेपला होता आणि मोठं बटण निखळून आतच पडलं होतं. वाढदिवस शनिवारवर आला होता.

मी माझी नेहमीची वाक्यं म्हटली. क्षमा मागितली, तिसरा रेडिओ आजच पाठवतो म्हणाले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तिसराही असाच बांधणार असाल तर नको,” ती म्हणाली. “हे ज्यानं बांधलं त्याला मला भेटायचंय.”

बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, हे मी तिला दोनदा सांगितलं. तोवर ती बाकावर बसून, हातमोजे काढून, पिशवीतला थर्मास उघडून मोकळी झाली होती. शेवटी मी यालमारला फोन केला.

यालमार आमचा गोदामप्रमुख. मनानं चांगला, पण बोलताना एक डोळा घड्याळाकडे. त्यानं खोक्यावरचा बांधणाऱ्याचा नंबर पाहिला आणि योनासला बोलावून घेतलं. दोन्ही रेडिओ योनासनंच बांधले होते. योनास इरिट्रियाचा, चार वर्षांपूर्वी इथं आलेला. एप्रिलमध्ये त्याची नोकरी कायम व्हायची होती. तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात आलंय म्हटल्यावर त्याचा चेहरा पार उतरला.

बाईंनी खोकं उचललं आणि त्याच्या कानाशी हलवलं. आतून खडखड ऐकू आली. मग त्यांनी सांगितलं, की तळ्याकाठच्या चिनी मातीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या कपबशा बांधत होत्या, आणि असं वाजणारं खोकं सापडलं तर मुकादम ते सगळ्यांसमोर पुन्हा उघडायला लावायचा.

“किती वेळ मिळतो तुला एका खोक्याला?” त्यांनी विचारलं.

“चाळीस सेकंद,” योनास यालमारकडे बघत म्हणाला.

आत काय भरतोस, असं विचारल्यावर त्यानं हवेच्या फुगलेल्या दोन पिशव्या दाखवल्या. बाईंनी एक बोटानं दाबली. ती फुटली.

त्या यालमारकडे वळल्या. “पोराच्या हातात खोट नाही. तू त्याला वेळच दिलेला नाहीस.”

यालमार म्हणाला की रेडिओ बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ डब्यात फोम असतोच, आणि खरा दोष पार्सलवाल्यांचा, ते वस्तू फेकतात.

“फेकणारच. फेकतात म्हणून तर बांधायचं.”

बाईंनी नवा रेडिओ मागवला आणि भंगारात टाकलेले पुठ्ठे व कागदाचा रोल आणायला सांगितलं. कॉफीची वेळ झालीच होती, त्यामुळे बांधणारे सगळे दालचिनीचे बन हातात घेऊन भोवती जमले. बाईंनी रेडिओच्या डब्यापेक्षा सगळ्या बाजूंनी चार बोटं मोठं खोकं निवडलं. तळाला कागद चुरगळून घातला आणि मुठीनं ठोकून बसवला. डब्याच्या आठही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या घड्या लावल्या. मग चारी बाजूंनी कागद कोंबत गेल्या, वरही तेवढाच थर दिला, आणि झाकण थोडं दाबावं लागेल असं बंद केलं. चिकटपट्टी मधल्या फटीवर तर लावलीच, पण दोन्ही कडांवरही. या सगळ्याला सहा मिनिटं लागली.

मग त्यांनी लोखंडी जिन्याकडे बोट दाखवलं आणि यालमारला म्हणाल्या, “वरून टाक.”

“अहो आजी, एकोणीस हजार क्रोनरचा रेडिओ आहे तो.”

“आजी माझ्या नातवंडांची. इथं मी इंगेगेर्ड. आणि महाग आहे म्हणूनच टाक म्हणते.”

यालमार जागचा हलेना. तेव्हा योनास हळूच म्हणाला, “मी टाकू?”

तो खोकं घेऊन सात पायऱ्या चढला आणि त्यानं हात सोडले. खोकं कोपऱ्यावर आपटलं, दोन कोलांट्या खाऊन फोर्कलिफ्टखाली जाऊन थांबलं. कुणीही बन चावत नव्हतं. योनासनं खाली येऊन ते ओढून काढलं आणि कानाशी हलवलं. काही वाजलं नाही. माझ्याच टेबलावर आम्ही ते उघडलं, रेडिओला वीज दिली, तारेचा एक तुकडा खिडकीबाहेर सोडला. थोडी खरखर झाली आणि मग एक माणूस फिनिशमध्ये समुद्राचं हवामान सांगू लागला. आमच्यात कुणालाच फिनिश येत नव्हतं, तरी आम्ही बातमी संपेपर्यंत उभे होतो. योनास इतका हसत होता की डोळे पुसायला लागला.

यालमारनं पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही. पुन्हा याल का, असं त्यानं बाईंना विचारलं. त्यांनी इथली कॉफी कशी आहे ते विचारलं. वाईट, असं यालमारनं कबूल केल्यावर त्या म्हणाल्या की मग स्वतःची घेऊन येईन.

त्या दिवशी योनासनं राग्नारचा रेडिओ त्यांच्या देखत पुन्हा बांधला आणि बसपर्यंत पोचवून आला. शनिवारी दुपारी मला खिडकीवर फोन आला. राग्नारच होते. रेडिओ उत्तम आहे म्हणाले, पण तो उघडायला पाऊण तास आणि स्वयंपाकघरातल्या दोन सुऱ्या लागल्या. बायकोनं मुद्दामच असा बांधवून घेतला की काय, याचा त्यांना संशय होता.

मग इंगेगेर्ड दर गुरुवारी यायला लागल्या. नाजूक मालाला चाळीस सेकंदांऐवजी तीन मिनिटं मिळू लागली, तीनऐवजी सात मापांची खोकी आली. पहिले दोन आठवडे माल वेळेवर निघेना आणि मुख्य कार्यालयातून यालमारला खरमरीत पत्रं आली. तो त्यांना उत्तरच देईना. महिना संपला तेव्हा परत येणारा माल तिसऱ्या हिश्श्यावर उतरला होता. मग त्यानं सगळ्या पत्रांना एकदमच, फक्त तो आकडा देणारं एका ओळीचं उत्तर पाठवलं.

एप्रिलमध्ये योनास कायम झाला. आता नव्या माणसांना बांधणी तोच शिकवतो. माझ्यामागचे रॅक रिकामे झाले, मला खिडकीवर जांभया यायला लागल्या, म्हणून मीही बांधणीच्या टेबलावर बदली मागून घेतली. माझ्या एका बाजूला योनास त्याच्या देशाकडून आलेल्यांना तिग्रिन्या भाषेत शिकवत असतो, दुसऱ्या बाजूला इंगेगेर्ड त्यांच्या गावाकडच्या बोलीत, जी मलाही अर्धीच कळते. पण दोघं सांगतात ते एकच: अजून कागद घाल.