निळ्या फितीची बाई

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. पिठाच्या पेटीच्या फळीवर रंगवलेले, वीतभर.

लॅब्रडोरच्या बर्फाळ किनाऱ्यावर धर्मप्रचाराला गेलेल्या ट्राउगोट नावाच्या सुताराने मला रंगवले. त्याची बायको सलोमे तेव्हा इस्त्री करत होती.

"हलू नकोस गं."

"इस्त्री गार होतेय. नाक वाकडं काढलंत तर ती फळी चुलीत घालीन!"

चेहरा त्याला जमलाच नाही. टोपीची निळी फीत मात्र हुबेहूब उतरली. आम्हा मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींत मुलींची फीत लाल, लग्न झालेल्या बाईची निळी, विधवेची पांढरी.

घाई होती. त्यांची लेक बेनिग्ना सहा वर्षांची झाली होती, आणि त्या वयात प्रचारकांच्या मुलांना समुद्रापार जर्मनीत, सॅक्सनीतल्या शाळेत पाठवत. जहाज वर्षातून एकच. तिच्या बोचक्यातून मीही गेले.

शाळेत ती मला रोज उशीखालून काढी.

"ही माझी आई."

"निळी फीत तर स्वयंपाकघरातल्या सगळ्याच बायकांची आहे!" मुली चिडवत.

तिची बोटे फिरून फिरून माझ्यावरचा चेहरा पुसला गेला. फीत तेवढी राहिली.

दहा वर्षांनी बंदरावरून दोन ओळी आल्या: लॅब्रडोरची मंडळी गुरुवारी पोचतील. गुरुवारी गाडीतून तीन बायका उतरल्या. निळी फीत एकीचीच होती. मला छातीशी धरून बेनिग्ना धावली आणि तिच्या गळ्यात पडली.

"आई!"

ती बाई गोंधळली. "अगं पोरी, मी नव्हे. तुझी आई ती."

मागे सलोमे उभी होती. फीत पांढरी.

बेनिग्नाने आधी फीत पाहिली, मग चेहरा.

"बाबा?"

"फेब्रुवारीत. पायाखालचा बर्फ फुटला. तुला कळवायचं पत्र माझ्याच पेटीत आहे. आमच्या आधी दुसरं जहाज कुठलं यायला?"

बेनिग्ना जागची हलली नाही. "माफ करा, बाई," एवढेच ती सलोमेला म्हणाली. सलोमेने ते 'बाई' ऐकले.

सलोमेला विधवांच्या घरात जागा मिळाली. मुलगी मुलींच्या घरात राहिली, कारण आमच्यात तसेच राहतात. रविवारी भेट होई. बेनिग्ना मला मांडीवर घेऊन बसे आणि माझ्याकडेच बघे.

"ती फळी खाली ठेव गं. मी इथे बसलेय."

"सवय झालीय हो मला."

सलोमे तीन हिवाळे जगली. बेनिग्नाच्या तोंडी 'आई' ही हाक एकदाही आली नाही.

मित्रांनो, लोक मला जपून ठेवा म्हणतात. माझी विनंती निराळी आहे. समोर जिवंत माणूस बसले असेल, तर मला पालथे ठेवा.