दार लागेना

उल्हास बर्व्यांचं एक ठाम मत होतं: माणसाने कुणाचे उपकार घेऊ नयेत. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये मराठी घरं उदंड, पण त्यांतल्या एकाच्याही गाडीत उल्हासराव कधी 'जरा सोडता का' म्हणून बसले नाहीत. उलट मराठी मंडळाचं सगळं सामान त्यांच्या पिकअप ट्रकमधून फिरायचं. गणपतीचं मखर, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, चहाचं पिंप. कार्यक्रम संपला की हे सगळं त्यांच्याच गराजमध्ये येऊन पडायचं, आणि त्यामुळे बिचारा ट्रक बारा महिने उघड्यावर. लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस म्हणतात ती हीच. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या त्या ट्रकला त्यांची बायको सुमेधा 'हत्ती' म्हणायची, आणि आत चढायला घरातलं बुटकं स्टूल घेऊन यायची.

आता स्टूल नुसतंच दारामागे पडून होतं. थंडी सुरू होता होता सुमेधाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घास गिळायची ताकद अर्धीमुर्धी उरली. दवाखान्यातून तिला गावाबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात हलवलं. तिथल्या नर्सने चमचा पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. उल्हासरावांनी केला की उघडायची. जन्मभर पूल बांधणाऱ्या या इंजिनियरने पंचाहत्तरीला टेकल्यावर तांदळाची उकड करायला शिकून घेतली, ताक घालून, गुठळी न होऊ देता, आणि रोज सकाळी डब्यात भरून नेऊन तो ती बायकोला भरवू लागला. तिच्याशी बोलायची तेवढी एकच रीत त्यांच्यापाशी शिल्लक होती.

पण दोनदा तिला खाताना जोरात ठसका लागला, छातीत कफ झाला, आणि डॉक्टर काळजीत पडले. घास चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतेल, म्हणाले. आज सकाळी नऊ वाजता गिळणं तपासणारी थेरपिस्ट समोर बसून बघणार होती. ठसका न लागता खाल्लं तर ठीक. नाही तर पोटात नळी, आणि त्यानंतर तोंडाने काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा सुमेधाने 'नाही' म्हणून मान इतकी जोरात हलवली होती की केसांतली पिन उशीवर पडली. उल्हासराव तिला म्हणाले होते, "मी आहे ना. माझ्या हातून खा, म्हणजे झालं."

रात्रभर पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सकाळी उल्हासराव डबा घेऊन बाहेर आले तर सगळा हत्ती काचेत मढवल्यासारखा चकाकत होता. मुलाचा, सौमित्रचा, अ‍ॅशबर्नहून फोन येऊन गेला होता. "बाबा, रोड्स आर टेरिबल. प्लीज ड्राइव्ह करू नका. मी सेंटरला कॉल करतो, दे कॅन रीशेड्यूल." उल्हासरावांनी नेहमीसारखं "बरं बरं, बघतो" म्हटलं, केंद्रात फोन करायची काही गरज नाही, हेही बजावलं आणि फोन ठेवला.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. त्यांनी मूठ ओढली, खांद्याने धक्के दिले, मग घरात जाऊन किटलीभर उकळतं पाणी आणून फटीत ओतलं. हातमोजे भिजले म्हणून काढून टाकले. दार उघडलं खरं, पण आता ते लागेना. आपटलं की ठप्प करून परत उघडं. दाराच्या कडेला खेकड्याच्या नांगीसारखा जो आकडा असतो, चौकटीतल्या खुंटीला घट्ट धरणारा, तो आतल्या आत गोठून मिटून बसला होता. पुन्हा आपटलं. पुन्हा ठप्प.

"काका, काय झालं?" शेजारची वीणा आपल्या दारात उभी होती. नागपूरची पोरगी, आयटीत, घरूनच काम करायची; नवरा निमिष मात्र रोज ट्रेनने कामावर जायचा. परिस्थिती बघून ती हेअर ड्रायर आणि लांब वायर घेऊन आली.

"गरम पाणी ओतलं का काका तुम्ही? अरे देवा. ते आत जाऊन परत फ्रीझ झालं असणार."

"ते कळलं मला," उल्हासराव म्हणाले. एरवी थर्मोडायनॅमिक्सवर व्याख्यान देणाऱ्या माणसाला हे किटली उचलताना कळायला हवं होतं.

वीणाने ड्रायरचा झोत आकड्यावर धरला. थोड्या वेळाने ती वाकली, नाक जवळ नेलं आणि गोंधळून बघत राहिली. आकड्याच्या खाचेतून पांढरं, मेणचट काहीतरी पाघळत होतं. "काका, हा तर आईच्या डोक्याचा वास येतोय. खोबरेल तेल आहे हे."

उल्हासरावांना सगळं आठवलं. सप्टेंबरात मखर आणायला जाताना दार कुरकुरत होतं. त्या आवाजाने सुमेधाचं डोकं दुखायचं. "तेल घाला हो त्या दाराला एकदा," ती म्हणाली होती, आणि त्यांनी न्हाणीघरातली बाटली आणून चारही दारांच्या बिजागऱ्यांत, आकड्यांत, सढळ हाताने तेल सोडलं होतं. त्यांच्या सांगलीच्या घरी पाळण्याच्या कड्यांपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हेच तेल. आणि त्याच घरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला ती थिजलेली बाटली बंबातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं काम लहानपणी त्यांचंच असे. खोबरेल थंडीत थिजतं हे ज्याला जन्मापासून ठाऊक, त्याने ते न्यू जर्सीतल्या ट्रकच्या दारात ओतलं होतं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही बायकोचं डोकं दुखू नये म्हणून.

"आत खोलवर गेलंय काका. वेळ लागेल," वीणा म्हणाली. "माझी कार निमिष स्टेशनवर घेऊन गेलाय. उबर बघितली, एकही दाखवत नाहीये. मी मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? मंजुषाकाकूंची गाडी गराजमध्ये असते, त्या पाच मिनिटांत येतील."

"नको."

"काका, यार, त्यांना काही वाटणार नाही."

"नको म्हटलं ना. एवढ्या बर्फात कुणाला कशाला बाहेर काढायचं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं हे 'नको'. वीणाने ड्रायर बंद केला. उल्हासरावांनी मागच्या हौद्यातून मखर बांधायची नायलॉनची दोरी काढली, दाराच्या आतल्या मुठीला बांधली, पलीकडच्या सीटखालून ओढून घेतली आणि डबा मांडीशी ठेवून निघाले. वीणा वायर गुंडाळत बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि कुणाचा राग येत होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

पहिल्याच वळणावर दोरी सैल पडली. नायलॉनची गाठ थंडीत धरत नाही. दार वीतभर उघडलं आणि ट्रकने दार उघडं असल्याचं टिंग टिंग सुरू केलं ते थांबेचना. उल्हासरावांनी डाव्या हाताने मूठ धरून दार ओढून घेतलं. उजवा हात चाकावर. हातमोजे घरी पायरीवरच राहिले होते. फटीतून वारा थेट आत घुसत होता, आणि चाकावरची बोटं आधी दुखली, मग जळजळली, मग दुखायची थांबली. डावा हात भरून आला की गाडी कडेला घ्यायची, हात बदलायचे, दोन्ही काखेत दाबून धरायचे, पुन्हा निघायचं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एरवी तिथे जायला वेळ लागत नसे. आज रस्ता संपतच नव्हता, आणि उल्हासरावांच्या मनात एकच घोष चालला होता: थांबा, थांबा, मी येतोय, तिचं तोंड उघडणार नाही तुमच्याने.

आणि खरंच त्या लोकांनी वाट पाहिली होती. थेरपिस्ट, ग्रेस नावाची एक शांत, मध्यमवयीन बाई, खुर्ची घेऊन सुमेधाशेजारी बसली होती. डॉक्टर दाराशी उभे होते. "शी वोन्ट ओपन फॉर मी," ग्रेस हसून म्हणाली. "शी वॉज वेटिंग फॉर यू." सुमेधाला उशीला टेकवून सरळ बसवलं होतं. उल्हासरावांना पाहिल्यावर तिच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळली. नळी टळली असंच त्या क्षणी दोघांना वाटलं.

डबा उघडताना झाकण त्यांच्या हातून निसटलं. बोटं आपली नव्हेतच असं वाटत होतं. ती मिटत नव्हती, उघडत नव्हती, आणि आता खोलीच्या उबेत आल्यावर सगळा हात थरथरायला लागला होता. दहा मिनिटं द्या, एवढंच म्हणायचं होतं. माझे हात गारठलेत, जरा ऊब येऊ द्या. ग्रेस नाही म्हणाली नसती. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं असतं फार तर. पण आधीच आपल्यासाठी माणसं खोळंबली आहेत, त्यात आणखी वेळ मागायचा, हे उल्हास बर्व्यांच्या तोंडून बाहेर पडेना. त्यांनी चमचा मुठीत धरला, लहान मूल धरतं तसा, आणि उकडीत घातला.

सुमेधाने तोंड उघडलं. त्यांच्यासाठी ती नेहमीच उघडायची.

रोज ते अर्धाच चमचा भरत आणि जिभेच्या डाव्या बाजूला अलगद ठेवत, जिथे तिला कळायचं. आज चमचा दातावर आपटला, हाताला झटका बसला आणि भरलेला सगळा घास घशात मागे गेला. सुमेधाने डोळे मोठे केले. तिने गिळायचा प्रयत्न केला, त्यांच्या तोंडाकडे बघत, जिवाच्या आकांताने. मग ठसका लागला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ग्रेसने तिला पुढे वाकवलं, नर्स कफ ओढायची नळी घेऊन धावत आली, घशातलं ओढून काढलं. उल्हासराव चमचा धरून भिंतीशी सरकले. कुणीतरी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

श्वास सुरळीत झाल्यावर ग्रेसने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि डॉक्टरांकडे बघून नकारार्थी मान हलवली. डॉक्टर उल्हासरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उद्या सकाळी नळी बसवू, तोवर तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

"माझे हात..." उल्हासराव अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत म्हणाले. "इट वॉज माय हँड्स. दार लागत नव्हतं. डोअर..."

"इट्स नॉट युअर फॉल्ट, सर," ग्रेस म्हणाली. ती मनापासून म्हणत होती. तिला दाराचं काहीच माहीत नव्हतं. "वन मोअर टाइम, प्लीज," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे काही मागितलं होतं, आणि ते आता कुणालाही देता येण्यासारखं नव्हतं. परत तसंच झालं तर ती वाचणार नाही, डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. नर्सने डब्याला झाकण लावलं आणि डबा बाहेर नेला. पलंगाच्या डोक्याशी तिने 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी अडकवली.

सगळे गेल्यावर उल्हासराव खुर्चीत बसले. तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना. 'माझ्या हातून खा, म्हणजे झालं,' असं आपणच म्हणालो होतो. तिने खाल्लंही. विश्वासाने खाल्लं, हात थरथरताना दिसत असूनही खाल्लं.

पांघरुणाखालून तिचा डावा हात बाहेर आला. चाचपडत तिने त्यांची बोटं धरली, आणि ती किती गार आहेत हे कळताच तिच्या कपाळाला आठी पडली. तिने त्यांचा हात आपल्या शालीखाली ओढून घेतला आणि अंगठ्याने एकेक बोट चोळू लागली. ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं. ती नुसती चोळत राहिली, बाहेरून येताना हे असं उघड्या हाताने का आलात, अशा नजरेने बघत. उल्हासराव आवाज न करता रडले.

हळूहळू बोटांना मुंग्या आल्या, मग जाग आली. थरथर थांबली. त्यांनी हात बाहेर काढून समोर धरला. तो अगदी स्थिर होता. त्या हाताने आता अर्धा चमचा उकड जिभेच्या डाव्या बाजूला, थेंब न सांडता, ठेवता आली असती.